समास कापताना

वाचनालयाकडून परवा रिक्षातून आली
एकसष्ट फाटकी पुस्तकं,
त्यातली अकरा एकट्या कुमुदिनी गायधनींची.
जी वाचली जातात तीच फाटतात.
माझ्या दुकानात कधीच न आलेल्या लेखकाला
मी मोठा धरत नाही.

खळ शिजेपर्यंत पानं चाळतो.
गोष्ट नाही वाचत. समास वाचतो.
पेन्सिलीनं, शाईनं, एकदा तर हळदीच्या बोटानं
लोकांनी बाईंशी भांडण मांडलेलं असतं.

'त्या शकात अधिक महिना नव्हता.
पंचांग काढून पाहिलं.'
खाली सही: वि. ना. खैरनार, नोट प्रेस, निवृत्त.
जन्मभर नोटांतली चूक शोधली,
आता पेशवाईतली शोधतात.
त्याच पानावर सरदाराचा घोडा
माणसाच्या आवाजात चाऱ्याचा हिशेब मागतो,
त्याबद्दल खैरनारांचं काही म्हणणं नाही.

तांबट आळीतल्या कुणी तरी इतकं दाबून लिहिलंय
की पुढच्या तीन पानांवर वळ उठलेत:
'मठार मोगरीनं करतात का हो बाई?
या एकदा दुकानी.'
पण घागर रात्री उठून
विहिरीशी बोलायला जाते तिथं
नुसती बरोबरची खूण.
ते त्याला आधीपासून ठाऊक असावं.

'ओढूनताणून.'
त्याखाली: 'मग तुम्ही लिहा.'
त्याखाली तिसरंच अक्षर: 'दूध आज दीड लिटर.'
आणि बारीक, तिरपं,
'असा राक्षस मिळाला तर मी तयार आहे',
लगेच खोडलेलं,
पण खोडरबर स्वस्तातलं.

बाई एकदा आल्या होत्या इथं,
भद्रकालीच्या बाजारातून चालत,
पिशवीतून मेथी डोकावत होती.
लोक काय म्हणतात, विचारलं नाही.
म्हणाल्या, तुमच्या हातात ती आपोआप
कुठं उघडतात?

त्या जाड कादंबरीच्या तिन्ही प्रती
पाठीवर उभ्या धरून मी सोडून दाखवल्या.
तिन्ही एकाच प्रकरणात उघडल्या.
गंगा उलटी फिरते,
समुद्राकडून वर,
नांदूरमध्यमेश्वर, दसक, टाकळी,
दुतोंड्या मारुतीच्या दोन्ही तोंडांना विचारते
कुणाचं घर कुठलं,
आणि आजवरच्या पुरात गेलेले सगळे
ओल्या कपड्यांनी ज्याच्या त्याच्या दारात उभे.
उशीर झाला, म्हणतात.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, हे प्रकरण
प्रकाशक काढून टाका म्हणत होते.
मेथी सावरली नि गेल्या.

त्या पानाच्या समासात खैरनार नाहीत,
तांबट नाही.
अगदी कडेला, बॉलपेननं,
अक्षर जेमतेम चौथी शिकलेलं:
'आमचा नवसू पण का?'

कडा कुरतडलेल्या असतात.
पाव पाव इंच कापावंच लागतं,
धंद्याची रीत आहे.
दहा पुस्तकं कापली.
पायाशी पट्ट्या पडल्या:
'साफ चु', 'अप्रति', 'लेखिकेला सां', 'दीड लि'.
तांबटाचं अर्धं आमंत्रण.
पोत्यात भरल्या.

अकरावं यंत्राखाली नेलं
आणि परत आणलं.
कुरतडलेलंच शिवलं,
जुजबंदी, दुहेरी दोरा, वर निळं कापड.
मजुरी तेवढीच लावली.

आज वाचनालयातून फोन आला.
एक पुस्तक बोटभर उंच झालंय म्हणे,
गायधनींच्या कप्प्यात
बसत नाही.

म्हटलं, आडवं ठेवा.